कुणबी आजीचं चित्र, तिच्या नावासकट: गोव्यात व्यक्तिचित्रण सुरू करणाऱ्यांसाठी

गोव्यातल्या हॉटेलांच्या भिंतींवर, दिनदर्शिकांवर, भेटकार्डांवर एक बाई वर्षानुवर्षं उभी आहे. लाल चौकड्यांचं कापड, खांद्यावर त्याची गाठ, केसांत अबोली, डोक्यावर टोपली. चेहरा मात्र कुणाचाच नाही. खाली लिहिलेलं असतं ‘कुणबी स्त्री’. इथल्या आदिवासी समाजांविषयी मनापासून आपुलकी असलेले नवे चित्रकारही बहुतेक वेळा याच बाईपासून सुरुवात करतात, कारण ती डोळ्यांत बसलेली असते.

ही रीत फार जुनी आहे. रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात सोळाव्या शतकातला एक पोर्तुगीज काळचा चित्रसंग्रह आहे. आशिया आणि आफ्रिकेतल्या लोकांची ७६ चित्रं त्यात आहेत, गोव्यातल्या लोकांचीही. हा अमक्या समाजाचा, तो तमक्या धंद्याचा, अशी ओळख तिथे दिलेली आहे. समाज कळतो, माणूस कळत नाही. पुढे कॅमेरा आला तेव्हाही हेच चालू राहिलं.

तुमचं पहिलं चित्र याच्या उलट दिशेने जावं यासाठी हा लेख आहे. चित्र पाहून त्या बाईच्या नातवाने ‘ही आमची आजी’ म्हणावं, एवढंच उद्दिष्ट ठेवा. समाजाचा गौरव त्यातूनच होतो, असं माझं ठाम मत आहे.

पहिली पायरी: माणूस ठरवा, वेश नंतर

आधी थोडी माहिती करून घ्या. गावडा, कुणबी आणि वेळीप या तीन समाजांचा गोव्यातल्या अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश २००३ साली झाला. धनगर-गवळी समाज तीच मागणी अनेक वर्षं करतो आहे. गावडा समाजात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि १९२८ च्या शुद्धी चळवळीनंतर हिंदू धर्मात परतलेले नवहिंदू गावडेही आहेत. त्यामुळे समोरच्या बाईच्या कपाळावर कुंकू असेलच, गळ्यात मंगळसूत्र असेलच, असं गृहीत धरून काहीही रंगवू नका. जे आहे ते पाहा, जे कळलं नाही ते विचारा. कुणब्यांचं कापड धनगर बाईला नेसवून ‘गोव्याची आदिवासी स्त्री’ रंगवणं तर साफ चुकीचं.

चित्रासाठी माणूस शोधायला दूर जायची गरज नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुम्ही ज्यांच्याकडून दर आठवड्याला भाजी घेता त्या मावशी, केप्या-काणकोणच्या एखाद्या वाड्यावरचे मित्राचे वडील, सत्तरी तालुक्यात गुरं राखणारे ओळखीचे काका. ओळख आधीची असेल तर अर्धं काम झालेलं असतं. इंटरनेटवरच्या फोटोवरून मुळीच सुरुवात करू नका. तो चेहरा कुणाचा, त्या व्यक्तीने होकार दिला होता का, यातलं काहीच तुम्हाला सांगता येणार नाही.

आणि एक गोष्ट नवख्यांना अवघड वाटते, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. समोरच्या व्यक्तीला विचारा, ‘तुम्हाला कशात बसायला आवडेल?’ एखादी आजी पेटीतलं जुनं कापड काढेल, दुसरी म्हणेल मला नातीच्या लग्नातली साडी नेसायची आहे. वेळीप समाजातली परिचारिका आपल्या गणवेशात बसेल. हे सगळंच आदिवासी गोव्याचं व्यक्तिचित्र आहे. हे समाज नाचताना आणि हसतानाच रंगवायचे ही सवय सोडायला हवी. वनहक्कांसाठी, नोकऱ्यांतल्या वाट्यासाठी ते झगडत आले आहेत. २५ मे २०११ रोजी बाळ्ळीच्या आंदोलनात दोन तरुणांचे प्राण गेले. ज्यांच्या घरात असा इतिहास आहे त्यांच्या चेहऱ्यावर गंभीरपणा असेल तर तो तसाच राहू द्या.

दुसरी पायरी: परवानगी आणि मोबदला

बोलणं कोंकणीतून करा. चित्राचं पुढे काय होणार हे पहिल्याच भेटीत सांगा: घरी ठेवणार, प्रदर्शनात लावणार, विकणार, की त्याच्या प्रती काढणार. मोबाइलवर टाकणार असाल तर तेही. एका कागदावर चार साध्या वाक्यांत लिहून वाचून दाखवा आणि सही किंवा अंगठा घ्या. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांचा होकार हवाच, पण मूल स्वतः कंटाळलं तर तिथेच थांबा.

बसणाऱ्याचा वेळ फुकट नाही. शेतातली, बाजारातली रोजंदारी बुडवून कुणी तुमच्यासमोर बसलं असेल तर निदान तेवढे पैसे द्या. ते घेणार नाहीत असं वाटलं तरी विचारा. चित्र विकलं गेलं तर त्यातला वाटा किती, हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

धालोच्या किंवा शिगम्याच्या मांडावर रेखाटन करण्याची ओढ सगळ्यांनाच असते. धालो हा बायकांचा गाण्या-नाचाचा खेळ, पौषात, थंडीच्या रात्री त्या तो मांडावर खेळतात. मांड ही पवित्र जागा आहे. चपला बाहेर काढा. अनेक गावांत धालोच्या मांडावर पुरुषांनी जायचं नसतं, तिथे लांबूनही वही उघडू नका. गावातल्या जाणत्या माणसांना विचारल्याशिवाय फोटो नको. मी तर म्हणेन, पहिल्या वर्षी नुसतं बसा, ऐका आणि घरी या. चित्र त्या बायकांचं त्यांच्या अंगणात, दिवसाउजेडी करा.

तिसरी पायरी: बैठक आणि उजेड

गोव्यातल्या घरांत व्यक्तिचित्रणाची उत्तम जागा आयती असते: सोपा किंवा बलकांव. वर छप्पर, एक बाजू उघडी, म्हणजे उजेड एकाच बाजूने येतो आणि चेहऱ्याचे उंचवटे स्पष्ट दिसतात. सकाळी आठ ते दहा ही वेळ चांगली. दुपारच्या उन्हात अंगणात बसवलंत तर डोळे बारीक होतात आणि भुवयांखाली काळे खड्डे पडतात.

एकाच उजेडातून काय साधतं हे पाहायचं असेल तर सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं समई घेतलेल्या मुलीचं चित्र पाहा. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. जलरंगातलं काम, समोर बसलेली त्यांची स्वतःची मुलगी, आणि उजेड फक्त हातातल्या ज्योतीचा. बोटांमधून झिरपणारा लालसर प्रकाश बघत राहावा असा आहे.

वयस्क माणसाला वीस मिनिटांपेक्षा जास्त एका जागी बसवू नका. मध्ये पाय मोकळे करू द्या, चहा होऊ द्या. उठण्यापूर्वी पाय कुठे होते आणि पाठ कुठे टेकली होती तिथे खडूने खूण करून ठेवा. बोलणं थांबवू नका. बोलताना तोंडाची ठेवण हलते खरी, पण गप्प बसवलेला चेहरा फोटो स्टुडिओतल्यासारखा ताठ होतो. भाताचं, पावसाचं, माहेरच्या गावाचं विचारत राहा. गोष्ट रंगली की डोळे आपोआप त्यांचे होतात.

परवानगी असेल तर मोबाइलने चार-सहा फोटो घ्या, पण चेहऱ्याजवळ मोबाइल नेऊन नाही. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. दोन मीटर मागे जा आणि दुप्पट झूम लावून काढा. फोटो आठवणीसाठी आहे. रंग त्यातून उचलू नका, मोबाइल सावल्या उजळतो आणि बऱ्याचदा त्वचाही गोरी करतो.

चौथी पायरी: सामान

थोडं आणि बरं घ्या. रेखाटनाला २बी आणि ४बी पेन्सिल, चारकोल, खोडरबर. जलरंगासाठी ३०० जीएसएमचा कापसाचा कागद. स्वस्त कागद दोनदा पुसला की फुगतो. अॅक्रिलिक नवख्याला सोपं, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात ते पॅलेटवरच वाळतं, म्हणून पाण्याची फवारणी हाताशी ठेवा. तैलरंग आवडत असतील तर पावसाळ्यात वाळायला आठवडे लागतील हे धरून चला.

रंग पाचच पुरे: टायटॅनियम व्हाइट, यलो ओकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू आणि एक थंड लाल. हा लाल घेताना अस्सल अॅलिझरिन क्रिमसन टाळा, उजेडात तो उडतो. ‘परमनंट’ लिहिलेला किंवा क्विनाक्रिडोन घ्या. कापडासाठी पुढे एक उबदार लाल लागेल. काळा रंग विकतच आणू नका.

पाचवी पायरी: रेखाटन

डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर डोळे येतात. नवखे ते नेहमी वर काढतात आणि कपाळ गिळून टाकतात. भुवई ते हनुवटी या अंतराच्या मध्याजवळ नाकाचं टोक, नाकाखालच्या अंतराच्या वरच्या तिसऱ्या भागाशी ओठांची रेघ. डोक्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांची.

ही मापं पाठ करा आणि मग समोरचा चेहरा त्यांच्यापासून कुठे वेगळा आहे ते शोधा. व्यक्ती त्या फरकातच असते. सत्तरी ओलांडलेल्या आजीचे पुढचे दात गेलेले असतात, त्यामुळे नाक आणि हनुवटी जवळ आलेली असते. आयुष्यभर डोक्यावरून ओझी वाहिलेल्या बाईची मान कशी ताठ असते ते बघा. जुन्या जड दागिन्यांनी कानाच्या पाळ्या लांबलेल्या असतात. हे सौम्य करू नका, गोंडस करू नका. दीनानाथ दलाल गोमंतकाचेच. त्यांच्या मुखपृष्ठांवरच्या नायिकांनी मराठी घरांना सौंदर्य पाहायला शिकवलं, माझंही त्यांच्यावर प्रेम आहे. पण ती मनातली नायिका होती. इथे तुमच्यासमोर कष्टाने घडलेली खरीखुरी बाई बसली आहे, तिला नायिकेचं नाक देऊ नका.

सुरकुत्यांची रेघ काढायची नसते. सुरकुती म्हणजे छोटी दरी, तिला एक उजळ आणि एक अंधारा काठ असतो. महत्त्वाच्या तीन-चार निवडा. सगळ्या काढल्यात तर चेहरा जाळीत अडकल्यासारखा दिसेल.

सहावी पायरी: त्वचेचा रंग

इथे घाई नको. सावळ्या त्वचेचं व्यक्तिचित्र गोरं करून टाकण्याची खोड आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे, आणि ती केवळ तांत्रिक नाही. सांत इस्तेव्ह गावात १९०२ साली जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात शिकून आले आणि त्यांनी मरियामातेला साडी नेसवली, भारतीय चेहरा आणि सावळी कांती दिली. त्या काळी पुष्कळांना ते रुचलं नाही. १९६७ साली ते गेले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे आहे. रंग मिसळायला बसण्याआधी ती चित्रं बघून या.

आता कृती. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन समप्रमाणात मिसळा, दाट काळपट तपकिरी मिळेल. ही तुमची सगळ्यात गडद सावली, म्हणूनच काळ्या रंगाची गरज नाही. सिएना वाढवली की सावली उबदार, निळा वाढवला की थंड. मधल्या छटेसाठी बर्न्ट सिएना आणि यलो ओकर, त्यात थंड लालाचा कण. उजळ भागासाठी त्यातच ओकर वाढवा, आणि पांढरा अगदी शेवटी, चिमूटभर. पांढऱ्यानेच उजळ करत गेलात तर त्वचा खडू फासल्यासारखी दिसते. सावळ्या चेहऱ्यावर चमक जिथे पडते, म्हणजे कपाळ, गालाचं हाड, नाकाचा शेंडा, तिथला रंग बहुधा निळसर असतो, कारण तिथे आकाश उमटलेलं असतं. त्या जागी पांढऱ्यात निळ्याचा अंश घाला. तेल लावलेल्या केसांचंही असंच: केस काळे, पण चमक निळसर.

गोव्याची जमीन चेहऱ्यावर रंग टाकते, हे इथे काम करणाऱ्याला लवकर लक्षात येतं. तांबड्या मातीच्या अंगणाजवळ बसलेल्या माणसाच्या हनुवटीखालची सावली काळी नसते, तांबूस असते. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, बसवलंत तर त्याच जागी हिरवट झाक येते. ही झाक पकडलीत की माणूस त्या जागेचा वाटतो.

नक्की छटा जुळली का हे पाहायला कागदाच्या तुकड्यावर रंग लावा आणि एक डोळा मिटून तो चेहऱ्याच्या दिशेने धरा. फरक तत्काळ दिसतो. पणजीच्या फोन्तायन्यास भागातल्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेत आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांची तैलचित्रं आहेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत घडलेल्या या गोमंतकीय चित्रकाराने (१८७०–१९३५) घरातल्या माणसांची, साध्या बायकांची व्यक्तिचित्रं केली. त्यांच्या सावल्यांत किती रंग आहेत ते मोजत बसा. वर्गातल्या महिन्याभराच्या शिकवणीपेक्षा जास्त हाती लागेल.

सातवी पायरी: कापड

बसणाऱ्या बाईने कुणबी कापड निवडलं असेल तर आधी ते हातात घेऊन पाहा. जाडसर सुती, लाल, बारीक चौकड्यांचं, आणि सहावारीपेक्षा आखूड नेसलेलं, म्हणजे शेतात चिखल लागू नये. खांद्यावर त्याची गाठ मारतात, तिला देठली म्हणतात. विणलेली चौकड दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, छापील कापडाची मागची बाजू फिकट असते. हल्ली मंचावरच्या नाचांसाठी छापील नक्कल सर्रास वापरतात. आजीकडे जे आहे तेच रंगवा, पण फरक तुम्हाला ठाऊक असावा. दिवंगत वेशभूषाकार वेंडल रॉड्रिक्स यांनी हातमागावरच्या या कापडाला पुन्हा लोकांसमोर आणलं, त्यामुळे आज ते पणजीच्या दुकानांतही दिसतं. शहरातली ती साडी आणि शेतातलं हे कापड नेसण्यात वेगळी आहेत.

रंगवताना चौकड्या आधी काढू नका. प्रथम सगळं कापड एकच लाल मानून घड्या रंगवा: उजळ, मधला, गडद. गडद लालासाठी थंड लालात अल्ट्रामरीन. ते वाळलं की बारीक ब्रशने चौकडीच्या रेघा ओढा, घडीबरोबर वळवत. घडीच्या आत रेघ नाहीशी होते, पलीकडे दुसऱ्याच जागी निघते. सावलीतल्या रेघेचा रंग सावलीतलाच हवा. मोजपट्टी चुकूनही लावू नका. आणि सगळ्या चौकड्या पूर्ण करायच्या नाहीत. चेहऱ्याजवळच्या नीट, खाली जाताना सैल. नजर चेहऱ्यावर राहते.

गाठ मात्र मन लावून काढा. ती कशी मारायची ते आजीला विचारा, दोनदा करून दाखवायला सांगा. कापड कुठून येतं, कुठे दाबलं जातं हे कळल्याशिवाय गाठ नुसता गोळा होते, आणि नेसणाऱ्या बायकांच्या ते पहिल्या नजरेत लक्षात येतं.

आठवी पायरी: हात, फुलं, अवजारं

जमलं तर हात चित्रात घ्याच. भाताची लावणी केलेले, मिठागरात राबलेले हात चेहऱ्याइतकेच बोलतात. हात काढताना आधी मुठीचा ठोकळा, मग बोटं. नवखे हात लहान काढतात. हनुवटीपासून कपाळाच्या मध्यापर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढा हात असतो.

अबोलीची फाती, शेवंती, उन्हाळ्याच्या तोंडाला सुरंगीचा वळेसर, जे त्या ऋतूत खरोखर माळतात तेच दाखवा. फुलागणिक पाकळ्या नकोत, केशरी रंगाचे चार ठळक ठिपके आणि बाकी धूसर. गळ्यातल्या मण्यांचंही तेच.

हातात काय द्यायचं? त्यांच्या रोजच्या वापरातलं काही, बाहेरून आणलेलं नाही. कोयता, सूप, घुमट हे मातीचं तालवाद्य, काणकोणच्या बाजूला असाल तर भौगोलिक मानांकन मिळालेल्या खोलच्या मिरचीची पाटी. घुमट रंगवणार असाल तर लक्षात ठेवा, पूर्वी त्याच्या तोंडावर घोरपडीचं कातडं ताणत, तिच्या शिकारीवर बंदी असल्यामुळे आता बकऱ्याचं लावतात. दोन्हींचा पोत निराळा आहे. जुनी शेतीची अवजारं नीट पाहायला बाणावलीचं गोवा चित्र संग्रहालय आहे.

पार्श्वभूमीवर फार वेळ घालवू नका. चिऱ्याची भिंत, चुडतांची सावली, किंवा नुसता एक मळकट हिरवा पुरतो. नारळाची झाडं आणि समुद्र मागे आणू नका. यातल्या बहुतेकांचं आयुष्य डोंगर, शेतं, मिठागरं आणि कुळागरं यांत गेलेलं आहे.

नववी पायरी: चित्र दाखवणं आणि जपणं

पूर्ण झालेलं चित्र सगळ्यात आधी बसणाऱ्याच्या घरी न्या. घरातली सगळी माणसं जमतील, काहीतरी सुचवतील: कानातलं दुसऱ्या बाजूचं आहे, नाक जास्त बसकं झालं. ऐका. तपशिलाची चूक असेल तर तिथेच दुरुस्त करा. चित्र आवडलंच नाही आणि ते लावू नका असं म्हणाल्या, तर ते प्रदर्शनात लावायचं नाही.

चित्राखाली त्यांचं नाव त्यांना हवं तसं लिहा, गाव लिहायचं का तेही विचारा. समाजाचं नाव त्यांनी स्वतः सांगितलं तरच, आणि त्यांनी वापरलेल्याच शब्दात. नाव नको असेल तर ‘कुणबी स्त्री’कडे परत जाऊ नका, त्या काय करत होत्या ते लिहा, ‘मिरच्या निवडताना, फेब्रुवारी’. चांगल्या कागदावरची एक प्रत चौकटीत बसवून त्यांना द्या.

उरला आपला पाऊस. जून ते सप्टेंबर गोव्यातल्या दमट हवेत कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात. जलरंगाचं चित्र काचेला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे कापलेल्या पुठ्ठ्याची आतली चौकट, घाला आणि पाठीमागे आम्ल नसलेला पुठ्ठा. चौकट बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ती भिंत ओल धरते. आतल्या भिंतीवर लावा आणि मागच्या कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळेल. सुटे कागद झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या अधूनमधून तव्यावर मंद आचेवर सुकवून घ्या. आजीला दिलेल्या प्रतीच्या चौकटीलाही हीच काळजी घ्या, कारण तिच्या घरात ओल तुमच्या घरापेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे.